व्रताला औषधाची जोड

दारू सोडणे हा मनाच्या बळाचा प्रश्न आहे, असे आपल्याकडे अजूनही मानले जाते. सुटली तर गडी पक्का, नाही सुटली तर कच्चा. भंडारा जिल्ह्यातल्या सिहोरा भागात हा निवाडा रोज कुठल्या ना कुठल्या दारात होतो. तो देणारी माणसे वाईट नसतात. बहुतेकदा ती त्या माणसाची बायको, आई, नाहीतर मोठा भाऊ असतात. पण निवाडा चुकतो, आणि त्या चुकीची किंमत पुन्हा त्याच घराला मोजावी लागते.

सिहोरा हे तुमसर तालुक्यातले, तुमसर-बपेरा रस्त्यावरचे बाजाराचे गाव. चांदपूरच्या तलावाच्या पाण्यावर इथला धान पिकतो. बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश लागतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागला की बाया-पोरे पहाटेच टोपल्या घेऊन निघतात. वाळवून ठेवलेले हे फूल अडीनडीला अन्न असते, विकले तर रोख पैसा असतो, आणि सडवून भट्टीवर चढवले तर दारू असते. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून वाकून कंबर धरते, त्यावर उतारा म्हणून घोट घेतला जातो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, दंडार रंगते आणि बाटलीही निघते. पानठेल्यावरचा खर्रा तर मिसरूड फुटण्याआधीच तोंडात जातो. नशा इथे बाहेरून आलेली नाही. ती हंगामाशी, श्रमाशी आणि सणाशी बांधलेली आहे.

पण व्यसनाशी भिडणारी ताकदही ह्याच गावांत उभी राहिली. तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि सकाळचे सामुदायिक ध्यान, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना विदर्भाच्या खेड्याखेड्यांत नेली. पुढे नागपूरचे बाबा जुमदेवजी (1921-1996) यांचा परमात्मा एक मानवधर्म भंडारा-गोंदियाच्या घराघरांत पोचला. सत्य, मर्यादा, प्रेम हे त्याचे तीन शब्द, आणि व्यसने बंद करणे हा त्याच्या पाच नियमांतला एक. इथे मार्गात येणे म्हणजे एकट्या नवऱ्याने शपथ घेणे नसते. सारे घर सेवक होते. मार्गात आल्यावर पुन्हा उभी राहिलेली घरे ह्या पट्ट्यात शोधावी लागत नाहीत.

ह्या बदलाला केवळ श्रद्धा म्हणून बाजूला सारणे मला जमत नाही. माणसाची वर्षानुवर्षांची दारू थांबते, तेव्हा त्याच्या मेंदूत खरोखर काहीतरी घडत असते. ते काय आहे हे समजून घेतले, तर व्रत कुठे पुरते आणि कुठे अपुरे पडते हेही कळते.

1954 मध्ये कॅनडात ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूच्या ठरावीक भागात बारीक तार बसवली. कळ दाबली की तिथे सूक्ष्म विद्युतप्रवाह जाई. उंदीर ती कळ पुन्हा पुन्हा दाबत राहिला. सुखाची ओढ ही मेंदूतल्या ठरावीक वाटांशी जोडलेली आहे, हे त्यातून दिसले. पुढे त्या वाटांवरचे मुख्य रसायन म्हणून डोपामिनचे नाव पुढे आले. 1990 च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांनी त्यात महत्त्वाची भर घातली. माकड सरावले, की डोपामिनच्या पेशी रस तोंडात पडताना नव्हे, तर रस मिळणार अशी खूण दिसतानाच पेटतात. म्हणजे हे रसायन मिळालेल्या सुखापेक्षा येऊ घातलेल्या सुखाच्या अपेक्षेचे आहे. तलफ म्हणतात ती हीच. दारू सोडलेला माणूस भट्टीच्या वाटेवर पाऊल ठेवतो, जुना सोबती हाक मारतो, मोहाचा वास नाकात शिरतो, आणि त्याने काही ठरवण्याआधीच मेंदूने मागणी केलेली असते.

वर्षानुवर्षांच्या व्यसनाने आणखी दोन गोष्टी होतात. डोपामिन टिपणारे काही ग्राहक कमी होतात, त्यामुळे लेकराचे हसू, पिकलेला धान, सणाचे जेवण या साध्या सुखांची चव फिकी पडते. आणि कपाळामागचा मेंदू, जो थांब म्हणतो, परिणाम दाखवतो, त्याची पकड ढिली होते. नोरा व्होल्को यांनी मेंदूच्या छायाचित्रणातून हे वारंवार दाखवले आहे. ज्या अवयवाने नाही म्हणायचे, तोच आजाराने धरलेला असतो. अशा माणसाला इच्छाशक्ती वापर म्हणणे म्हणजे मोडलेल्या पायाला चाल म्हणणे होय. सुदैवाने हा बदल कायमचा नसतो. दारू थांबली की मेंदू हळूहळू सावरू लागतो, पण त्याला महिनोन्महिने लागतात. सगळा प्रश्न हे महिने काढायचे कसे, हा आहे.

त्यातला पहिला आठवडा सर्वांत जोखमीचा. दारू मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते आणि चेतवणाऱ्याला दाबून ठेवते. रोजच पिणाऱ्याचा मेंदू ह्या दाबाविरुद्ध स्वतःला ताणून धरायला शिकतो. दारू एकदम बंद झाली की दाब जातो, ताण मात्र राहतो. हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फेफरे येते. काही जण दोन ते चार दिवसांत भ्रमात जातात, नसलेली माणसे पाहतात, अंग तापाने फणफणते. उपचार न मिळाल्यास ह्यात जीव जाऊ शकतो. आज रात्री शेवटची म्हणून प्रामाणिकपणे शपथ घेणारा, वीस वर्षे रोज पिणारा माणूस दुसऱ्या दिवशी नेमका ह्या खाईच्या काठावर उभा असतो. घरच्यांना ती बाहेरची बाधा वाटते, नाहीतर व्रतात काही चुकले असे वाटते. खरे तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली डायझेपाम किंवा लोराझेपामच्या उतरत्या मात्रेने आणि थायमिन ह्या जीवनसत्त्वाने हा आठवडा बहुतेकांना सुखरूप पार करता येतो.

नंतरच्या महिन्यांसाठीही औषधे आहेत. नालट्रेक्सोन घोटातून मिळणाऱ्या सुखाची वाट अडवते, त्यामुळे प्यायले तरी पूर्वीची मजा येत नाही आणि तलफ हळूहळू बोथट होते. अकॅम्प्रोसेट ताणलेल्या मेंदूला समतोलाकडे आणते. 2014 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात अनेक चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसले, की अकॅम्प्रोसेट बारा जणांना दिले तर त्यांतला आणखी एक जण पूर्ण कोरडा राहतो. नालट्रेक्सोनने तितक्याच जणांमागे आणखी एकाचे बेसुमार पिणे टळते. बारांत एक हे ऐकायला थोडे वाटेल. बारा घरांच्या टोल्यावर त्याचा अर्थ एक घर वाचणे असा होतो.

तिसरे औषध डायसल्फिराम. ते चालू असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जो माणूस जाणूनबुजून, पत्नीच्या हातून रोज सकाळी घेतो, त्याला ते आधार देते. मात्र रुग्णाला न कळत दारू सोडवा अशा जाहिरातींना भुलून भाजीत कुठलीही पूड कालवणे हा जिवाशी खेळ आहे. तिच्यात काय आहे हे कुणाला ठाऊक नसते, आणि डायसल्फिराम असेलच तर बेसावध माणूस त्यावर दारू पिऊन मरू शकतो. चोरून दिलेल्या औषधाने घरातला उरलासुरला विश्वासही जातो. अशी पूड कालवणाऱ्या बाईची हतबलता मला कळते, पण हा मार्ग तिला कुणीही दाखवू नये.

गोळीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. ती तलफेचा जोर उतरवते, पण संध्याकाळी सात वाजता रिकाम्या झालेल्या हातांचे काय करायचे हे शिकवत नाही. धुरा फुटलेल्या बांधीत आधी पाणी अडवावे लागते. पण पाणी अडले म्हणजे धुरा बांधून झाला असे नाही, मग माती टाकावी लागते. ध्यानाचे काम इथून सुरू होते.

तलफ आली की माणूस दोनच वाटा ओळखतो, तिच्यामागे जायचे किंवा तिच्याशी झुंजायचे. ध्यान तिसरी वाट देते. बसायचे, आणि ती अंगात कुठे जाणवते ते पाहायचे: घशाची कोरड, पोटातला गोळा, तळहाताची ऊब. पाहत राहिले की ती चढते, टोकाला जाते आणि उतरते. ती आपोआप उतरते हा अनुभव एकदा आला की तिची दहशत कमी होते. प्रत्येक वेळी न पिता उतरलेली तलफ जुन्या सवयीचे बळ थोडे घटवते. मेंदूची घडण बदलणे म्हणतात ते अशा शेकडो लहान बैठकांतून होते.

ह्या विचाराला महाराष्ट्राचा धागा आहे. सत्यनारायण गोएंकांनी इगतपुरीच्या धम्मगिरीवरून 1976 पासून विपश्यना शिकवली. 1997 मध्ये त्याच परंपरेचे दहा दिवसांचे शिबिर अमेरिकेतल्या सिएटल भागाच्या तुरुंगात भरले. तिथल्या अशा शिबिरांत बसलेल्या कैद्यांचे दारू, गांजा आणि कोकेन घेणे सुटकेनंतरच्या तीन महिन्यांत इतरांपेक्षा कमी राहिले, असे सारा बोवेन आणि ॲलन मार्लॅट यांच्या गटाने 2006 मध्ये प्रसिद्ध केले. हे कैदी आपल्या इच्छेने बसले होते, त्यामुळे केवळ त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून बोवेन यांचाच 2014 चा अभ्यास जास्त वजनाचा. त्यात 286 जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले होते, आणि वर्षभरानंतर ध्यानावर आधारलेल्या गटाचे नशेचे दिवस इतर दोन्ही गटांपेक्षा कमी होते.

इथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. आठ आठवड्यांच्या ध्यानाने मेंदूचा आकारच बदलतो, असे सर्रास सांगितले जाते. 2022 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी काटेकोर तपासणी केली, तेव्हा आठ आठवड्यांत तसा काही बदल आढळला नाही. ह्याने ध्यान खोटे ठरत नाही. त्याचे काम सावकाश आहे एवढेच कळते. जे सावकाश होते त्यासाठी वेळ लागतो, आणि तो वेळ औषध मिळवून देते. थरथरणाऱ्या हातांनी, झोप नसलेल्या डोक्याने कुणी ध्यानाला बसू शकत नाही. गोळीने मिळालेली शांतता कुणी वापरली नाही, तर गोळी बंद होताच सगळे पूर्वपदावर येते. दोहोंचा क्रम आहे, आणि दोहोंना एकमेकांची गरज आहे.

हा क्रम मराठी मुलखात नवा नाही. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या मदतीने 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू केले. तेव्हा समोर गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, विळख्यातली पोरे होती. आधी त्यांची टर्की, म्हणजे नशा थांबल्यावरचा त्रास, औषधांनी उतरवायची, मग योग, ध्यान, गटात बोलणे, श्रम, घरच्यांशी संवाद. औषध आणि मन यांच्यात तिथे भांडण लावले गेले नाही.

आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे सोबत. व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी सैनिकांपैकी जवळजवळ पाचांतला एक तिथे हेरॉइनच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा माग काढला, तेव्हा त्या व्यसनींपैकी पहिल्या वर्षात वीसांतला जेमतेम एक पुन्हा अडकला होता. जागा बदलली, माणसे बदलली, खुणा बदलल्या. सिहोऱ्याच्या शेतमजुराला गाव सोडता येत नाही. त्याची बांधी इथे, भट्टीही इथे. पण सेवकांची संध्याकाळची चर्चा बैठक किंवा तुकडोजींची सामुदायिक प्रार्थना त्याच गावात त्याला दुसरी माणसे, दुसरी वेळ, दुसरी ओळख देते. हे काम कुठल्याही गोळीला जमणारे नाही, आणि शहरातल्या महागड्या केंद्रालाही ते सहज जमत नाही.

म्हणजे निम्मा उपचार ह्या गावांपाशी आधीच आहे. उरलेला निम्मा त्यांना मिळत नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, देशात दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांत एकालाच कुठलीतरी मदत मिळते. बाकीच्या 37 जणांना कच्चे ठरवून आपण मोकळे होतो.

मार्गात येणाऱ्या माणसाला सेवकांनी पहिल्याच दिवशी विचारावे: किती वर्षे पितो, सकाळी हात कापतात का, पूर्वी सोडताना फेफरे आले होते का. उत्तर हो असेल तर व्रताआधी, किंवा व्रताबरोबरच, डॉक्टर. आणि त्याने घेतलेल्या गोळीला व्रतभंग समजू नये. मधुमेहाची गोळी घेऊन उपास करणाऱ्याला आपण अधार्मिक म्हणत नाही. डॉक्टरांनीही बैठकीला अंधश्रद्धा म्हणून हसू नये. संध्याकाळी तू कुठे बसतोस हा प्रश्न रक्तदाबाइतकाच गंभीरपणे विचारावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात थायमिन आणि पहिल्या आठवड्याची औषधे असावीत, आणि पुढच्या औषधांसाठी भंडाऱ्याच्या मानसोपचार तज्ज्ञांचा सल्ला तुमसरपर्यंत तरी पोचावा. सल्ल्यासाठी 14446 हा सरकारचा मोफत क्रमांक आहे. तो बैठकीच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवायला काहीच हरकत नाही.

आणि एवढे सगळे करूनही माणूस घसरला, तर त्याला बैठकीतून उठवू नये. हा आजार घसरत घसरतच बरा होतो. घसरलेल्याला लाज वाटली की तो भट्टीकडे जातो, जागा मिळाली की परत येतो. त्याची सचोटी तपासायला आयुष्य पडले आहे. आधी त्याचा मेंदू बरा होऊ द्यावा, आणि तोपर्यंत गोळी त्याच्या खिशात आणि जागा बैठकीत राहील, एवढे गावाने पाहावे.