हुक आणि वायसर

मंगरूळपीरकडच्या दोन भावांची ही गोष्ट. वाटण्या झाल्या आणि सोयाबीन ठेवायला दोघांनीही आपापल्या वावरात टिनाचं शेड घालायला काढलं.

धाकट्याने दुकानात पत्रा बोटाने वाजवून पाहिला आणि जाड, 24 गेजचा घेतला. खांब हातभर खोल गाडले, काम दोन दिवसांत उरकलं. थोरल्याने 26 गेजचा पातळ पत्रा घेतला आणि वाचलेले पैसे शब्दशः मातीत घातले. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती खांब काय धरणार? म्हणून मुरूम लागेपर्यंत खणून त्याने काँक्रीट भरलं. मिस्त्री घाईत होता. हा शिडीखाली उभा राहून एकेक हुक मोजून घेत होता. भोक पन्हळीच्या उंचवट्यावरच, प्रत्येक हुकाला रबराचं वायसर, आणि कडेच्या ओळीत एकही पन्हळ सोडायची नाही.

"दादा, पैसे खड्ड्यातच घातले ना तू!" धाकटा हसला.

"वारा टिन फोडत नाई लेका, उचलते."

हिशेब त्याचाच खरा. एक चौरस मीटर पत्र्याचं वजन चार-पाच किलो, दोन गेजमधला फरक किलोभराचा. ताशी 100 किलोमीटरचा वारा तेवढ्याच तुकड्यावर 45 किलोंहून जास्त जोर लावतो. शेड एका बाजूने उघडं असेल तर आत शिरून खालूनही रेटतो. गारांपुढे मात्र जाड पत्राच बरा, कमी चेपतो. एवढं धाकट्याच्या बाजूने बोललं पाहिजे.

थोरल्याने निंबाची सावली सोडून शेड उन्हात घातलं, त्यालाही लोक हसले. 9 एप्रिल 2023 रोजी अकोला जिल्ह्यातल्या पारसला मंदिराच्या टिनाच्या शेडवर जुना निंब कोसळून सात माणसं गेली, ते तो विसरला नव्हता.

मे महिन्यात एका संध्याकाळी आभाळ काळवंडलं आणि वारा सुटला. अर्ध्या तासाने पाहिलं तर धाकट्याचं छत अँगलसकट शेजारच्या वावरात पालथं. दोन खांब बुडाशी मातीची ढेकळं घेऊन आडवे झालेले. सोयाबीनची पोती भिजली. थोरल्याच्या शेडमध्ये एका हुकाखालून पाणी ठिबकत होतं, बस.

धाकट्याचे बहुतेक पत्रे शाबूत निघाले. तेच त्याने परत चढवले. नवं आणलं ते सिमेंट, हुक आणि वायसर.