दोन सरोवरं, एकच बर्फ



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १ ते ५.

या श्लोकांत भगवंत आधी दैवी संपत्तीचे गुण सांगतात, मग आसुरी संपत्तीचे सहा दोष. दैवी गुणांमध्ये अक्रोध आणि क्षमा आहे, दोषांमध्ये क्रोध. हे वाचताना मला दरवेळी तिबेटमधली दोन सरोवरं आठवतात.

मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून बघा. कैलासाच्या दक्षिणेला, जवळजवळ ४,५९० मीटर उंचीवर मानसरोवर आहे, गोलसर. त्याच्या पश्चिमेला लागूनच राक्षसताल, चंद्रकोरीसारखा. मधे जमिनीची अरुंद पट्टी. एक ब्रह्मदेवाच्या मनातून निर्माण झालं असं आपण मानतो, दुसऱ्याच्या काठी रावणानं तप केलं म्हणतात. दोघांवर ऊन तेच, वारा तोच. दक्षिणेला गुरला मांधाता शिखर आहे, त्याचं बर्फ वितळून दोघांकडेही येतं. तरी मानसरोवराचं पाणी गोडं आणि राक्षसतालाचं खारट!

असं का? डोंगरातून येणारं पाणी खडकातले क्षार थोडे थोडे सोबत आणतं. मानसरोवर भरलं की गंगा छू नावाच्या लहानशा प्रवाहातून जास्तीचं पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर क्षारही जातात. आणि ते पाणी जातं कुठे? शेजारच्या राक्षसतालातच. राक्षसतालातून मात्र आज नदी बाहेर वाहत नाही. तिथलं पाणी उन्हानं वाफ होऊन जातं. वाफ होते फक्त पाण्याची, मीठ तळ्यातच राहतं.

हे समजलं त्या दिवशी मी गप्पच बसलो. आईच्या ऑपरेशनला दादा आला नाही, तेव्हापासून आठ महिने मी त्याच्याशी बोललो नव्हतो. सगळ्यांना सांगायचो, "मी विसरलोय, देवावर सोडलंय." खरं तर राग नुसता वाफ होऊन गेला होता. मीठ आतच होतं, आणि दर सणाला थोडं वाढत होतं. रोज सोळावा अध्याय वाचत होतो, बरं का! मानसरोवराचं गोडं पाणी येऊनही राक्षसताल खारटच राहतो, तसं माझं पारायण. आत येत होतं, बाहेर जायला वाटच नव्हती.

गंगा छू काही मोठी नदी नाही. काही वर्षी ती कोरडीही असते. पण वाट आहे, एवढं पुरतं.

त्या रात्री दादाला फोन लावला. दोनच मिनिटं बोललो, तेही आईच्या गोळ्यांबद्दल. माफी कुणीच मागितली नाही. ठेवताना तो म्हणाला, "जेवलास का रे?" माझ्याच्यानं उत्तर देववेना.

पाचव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला धीर देतात : शोक करू नकोस, तू दैवी संपत्ती घेऊन जन्मला आहेस. मला वाटतं, हा धीर आपल्यालाही आहे. बर्फ एकच आहे मंडळी, फक्त वाट मोकळी करायचीय.

आजचा संकल्प : ज्याचं नाव आत्ता मनात आलं, त्याला एक फोन. दोन मिनिटांचा चालेल.

रामकृष्ण हरी! 🙏