घरी राहणारा

वऱ्हाड हा शब्द आमच्या वाट्याला दोन अर्थांनी आला. एक आमचा मुलूख, दुसरा लग्नाला निघालेली माणसं. लक्ष्मण देशपांड्यांनी एकट्यानं पन्नासावर पात्रं करून वऱ्हाड लंडनला नेलं ते मराठवाड्यातलं, पण लोक आम्हालाच विचारतात, "काहो, लंडनले कधी?"

आमच्या तेल्हाऱ्याकडचं वऱ्हाड खंडव्या-बऱ्हाणपुराकडे जायचं. निमाडात सोयरिकी जुन्या. दमणीनं हिवरखेड नाहीतर अडगावचं ठेसन गाठायचं अन् लहान लाइनच्या गाडीत बसायचं. धुळघाटाजवळ रूळ वळसा घेऊन आपल्याच अंगावरून जातो, तिथं बाया पोरांना खालचा रूळ दाखवत. 2017 च्या सुरुवातीला ती गाडी बंद पडली. अकोट-अकोला मोठी लाइन 2022 मध्ये सुरू झाली. आम्ही मात्र तोवर जीपवर आलो होतो.

या साऱ्या लग्नांत एक माणूस कधीच गाडीत बसला नाही. आमचा सालदार. पाडव्याला साल ठरतं, ते वर्षभराचं. आम्ही निघालो की बैलांचं वैरण-पाणी, गाईची धार, रात्री वावरात रोही-डुकरांची राखण त्याच्याकडे. आम्ही पंगतीत निवांत बसलो ते तो आमच्या ओट्यावर होता म्हणून. परत आलो की त्याच्या हातावर बुंदीची पुडी, झालं. आमच्या घरी आहेराची जुनी वही आहे. कोणाचं लुगडं आलं, कोणाचे अकरा रुपये आले, सगळं तिच्यात आहे. कोण मागं राहिला, ते कोणत्याच पानावर नाही.

मागच्या मार्गशीर्षात पेच पडला. भावाच्या पोराचं लग्न पुण्याला अन् सालदाराच्या पोरीचं धारणीकडे, दोन्ही एकाच तिथीला. कापूस वेचणीला आलेला, गाईचे दिवस भरलेले. घरच्यांचं म्हणणं सरळ होतं: गोठ्याले दुसरा माणूस पाहा, सालदाराले पाकीट द्या अन् पुण्याले चला. व्यायला झालेली गाय परक्याच्या हातात देणारा शेतकरी मी तरी पाहिला नाही. पण खरा प्रश्न पाकिटाचा होता. पाकीट म्हणजे आपण न येण्याची भरपाई. जो माणूस इतकी वर्षं माझ्यासाठी राहिला, त्याचं देणं पाकिटानं फिटतं का? अन् त्याच्या मांडवात जाऊन बसल्यानं तरी? मी गेलो असतो तर त्यानं खुर्ची शोधली असती, पंखा माझ्याकडे वळवला असता. पोरीजवळ उभं राहायचं सोडून बाप मालकाजवळ उभा. वरून अर्धा जीव इथं गोठ्यात.

कोणी म्हणेल, गड्याला पैसे मिळतात. मिळतात. पण सालाच्या बोलीत दुसऱ्याच्या आनंदासाठी जागलेल्या रात्री धरलेल्या नसतात.

कर्ज काढून लग्न करू नका, हे आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा जन्मभर सांगत फिरले. लग्नाला कोणी जावं अन् कोणी राहावं, हा हिशेब मात्र ज्याचा त्यानं करायचा. मी राहिलो. बायको-पोरं पुण्याला गेली, तो धारणीला.

भाऊ रुसला. फोनवर म्हणाला, "सख्ख्या पुतण्यापेक्षा सालदार जवळचा झाला का, दादा?" त्याचा राग खोटा नाही. मोठ्या काकाची जागा रिकामी राहिली की साऱ्या मांडवाला दिसते, अन् उत्तर भावालाच द्यावं लागलं. पण भाऊ भांडून तरी मागू शकतो. सालदारानं तर सुटीसुद्धा मान खाली घालून मागितली होती, अन् वर म्हणाला होता, "खाडे लावून घेजा, भाऊ." ते वाक्य मला पुतण्याच्या पत्रिकेपेक्षा जड गेलं.

तिसऱ्या रात्री गाय व्याली. कालवड झाली. मी एकटाच कंदील धरून होतो. लाइट नव्हती, ते सांगायला नको.

पाचव्या दिवशी तो आला. बुंदीची पुडी माझ्या हातावर ठेवली अन् थेट गोठ्यात शिरला. "मले वाटलंच होतं कालवड होईन म्हून," तिथूनच ओरडला. मी ओट्यावर बसून बुंदी खाल्ली. पुण्याचं जाणं बाकी आहे. पऱ्हाटी उपटून झाली की जाईन.