किंदमाचा आक्षेप

मृगयेच्या नीतीविषयी आपल्याकडे जो सर्वांत मार्मिक वाद झाला, तो एका हरणाने घातलेला आहे. महाभारताच्या आदिपर्वात पंडुराजा समागमात मग्न असलेल्या हरणांच्या जोडप्यावर बाण सोडतो, आणि त्यांतला नर म्हणजे मृगरूप घेतलेले किंदम ऋषी निघतात. पंडूचा बचाव आम्हां कचेरीतल्या मंडळींस ओळखीचा वाटावा असाच आहे. मृगवध हा राजांचा मान्य आचार. तो उघड करावा की दडून, हा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय अगस्त्यांनीही तो केलेला आहे! म्हणजे नियम दाखविला आणि खाली पूर्वदाखला जोडला. फाईल निकालात निघण्यास एवढे पुष्कळ झाले. किंदम मात्र नियम नाकारीतच नाही. मारल्याबद्दल त्याची तक्रार नाही. आमची रतिक्रीडा पुरी होईतो तुला थांबवले नाही काय, एवढेच तो विचारतो.

हा आक्षेप आजच्या धनुर्धाऱ्यास लावून पाहण्याजोगा आहे. अमेरिकेत सार्वजनिक जमिनीवर परवाना काढून हरणाची शिकार करता येते. माणसांची वर्दळ वाढली की तिथले पांढऱ्या शेपटीचे हरीण गर्द दलदलीत शिरते आणि चिखलपाण्यातल्या एखाद्या कोरड्या उंचवट्यावर बसते. शिकारी पाण्यातून वाट काढतो, वारा तोंडावर घेतो, झाडावर तासन् तास निश्चल बसून राहतो. कारण बाण नेमका बसावा, तर हरीण २०-३० यार्डांच्या आत यावे लागते. बंदुकीपेक्षा हे अधिक न्याय्य, यात हरणास संधी मिळते, असे या विद्येचे अभिमानी सांगतात. त्यांची चिकाटी आम्ही मानतो. आपल्या ताटातल्या मांसाचा मृत्यू त्यांनी निदान डोळ्यांनी पाहिलेला असतो. खाटकाच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभे राहणाऱ्यास तेवढेही म्हणता येत नाही. परंतु बाण लागलेले हरीण बहुधा रक्तस्रावाने मरते, आणि जाणता शिकारी अर्धा तास तरी थांबून मगच रक्ताचा माग काढतो. त्या अर्ध्या तासास ‘संधी’ हे नाव देणे आम्हांस जड जाते. त्याहून मोठी गोष्ट अशी की, हा शिकारी नोव्हेंबरच्या सुमारास येणाऱ्या माजाच्या दिवसांची वाट पाहत असतो. एरवी अतिसावध असलेला नर त्या दिवसांत मादीच्या मागे भान विसरतो. ज्यासाठी पंडूस शाप मिळाला, ते येथे युक्ती म्हणून शिकविले जाते. आणि परवान्यावर तारीख व संख्या लिहिलेली असते, हरणाची अवस्था नव्हे.

आम्ही मात्र निष्पाप आहोत, असे कोणी समजू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही काही प्राण्यांच्या शिकारीस परवाना देण्याची तरतूद होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. तेव्हा आमच्या हातून हरीण मरत नाही, याचे श्रेय बव्हंशी राजपत्रास आहे. उद्या ती तरतूद परत आली, तर ‘नियमात बसते ना?’ यापलीकडे आमच्यापैकी किती जण विचारतील?

येथे जे. पी. नगरात पुट्टेनहळ्ळीचे तळे आहे. काठच्या झुडपांआड कॅमेरा घेऊन दडणाऱ्यास तीच विद्या लागते: तोच आडोसा, तेच निश्चल बसणे. त्याला शिकारीचा परवाना लागत नाही, रक्त तर सांडतच नाही. परंतु पाणकोंबडी अंडी सोडून उठली, तर ती परत बसेतो कॅमेरा खाली ठेवून कोणी मागे सरते काय, एवढे आम्ही फिरावयास जातो तेव्हा पाहत असतो.