ज्याची आई वाचू शकत नाही

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा महाराष्ट्रात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने, आणि कधी वर्षातल्या इतर दिवशीही, काही शाळा एखाद्या पालकाला वर्गात बोलावतात. पालक पुस्तक उघडतो आणि मुलांना गोष्ट वाचून दाखवतो. प्रथा स्तुत्य आहे. घरात पुस्तक नसलेल्या मुलाला पुस्तकातला आवाज ऐकू येतो, आणि ज्याची आई किंवा वडील आलेले असतात त्याला त्या दिवशी आभाळ ठेंगणे होते. परंतु त्याच वर्गात आणखी एक मूल बसलेले असते. त्याच्या आईला वाचता येत नाही. तिला कोणी बोलावणार नाही, हे त्याला कोणी न सांगताही कळते. एखादी गोष्ट चांगली आहे, पण ती करण्याची ऐपत सर्वांपाशी नाही. अशा वेळी ती करणाऱ्याने काय करावे? प्रश्न छोट्या वर्गातला असला तरी नीतीच्या दृष्टीने तो छोटा नाही.

शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. डोळखांब, कसारा, टोकावडे या बाजूच्या ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी वस्त्यांवरच्या दोनशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणाव्यात. ऑक्टोबरच्या मध्यास हळवे भात कापणीला आलेले असते. आईबाप शेतावर असतात. दिवाळी सरली की अनेक कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावरच परततात. अशा शाळेत वाचायला येऊ शकणारा पालक म्हणजे दुकानदार, एखादा नोकरदार, फार तर अंगणवाडी सेविका. उरलेल्यांच्या मुलांचा कोणी अपमान करीत नाही. पण मान कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हा धडा मुले पाठ्यपुस्तकाच्या आधी शिकतात.

यावर दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले असे की, ज्यात सर्वांना भाग घेता येत नाही ते बंदच करावे. या उत्तरात समता दिसते, पण तिचा लाभ कोणालाच नाही. ज्या मुलाच्या घरी पुस्तक नाही, त्याच्या कानावर पडणारी ती एकच गोष्टही आपण हिरावून घेऊ. दुसरे उत्तर असे की, गोष्ट तर सर्वांनाच ऐकायला मिळते. मग वाचणारा कोणाचा बाप आहे याने काय बिघडते? हे अर्धे खरे आहे. बाप म्हणूनच त्याला बोलावले असेल, तर तो कोणाचा बाप आहे याला अर्थ उरतोच.

उत्तर शोधण्यासाठी मोठ्याने वाचणे म्हणजे मुळात काय, हे पाहावे लागेल. मुकाट वाचन ही आपली आजची सवय आहे. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज आवाज न करता, केवळ डोळ्यांनी वाचीत, याचे संत ऑगस्टीनला नवल वाटले आणि त्याने ते आपल्या आत्मनिवेदनात नोंदवून ठेवले. त्या काळी सर्रास आवाज काढून वाचण्याची रीत होती. त्यामुळे एकाला अक्षर आले तरी अनेकांचे काम भागत असे. आपल्या खेड्यांतील श्रावणातल्या पोथीचे तेच आहे. ‘पांडवप्रताप’ किंवा ‘नवनाथ भक्तिसार’ लावला की एकजण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, आणि सारी आळी ऐकते. पुष्कळदा अर्थ सांगणाऱ्याचा मान वाचणाऱ्याहून मोठा असतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, तेही मुख्यतः ऐकणाऱ्यांसाठी. नवख्रिस्ती लोकांना ते चर्चमधून वाचून दाखवीत. आपल्या उपासनेतही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपल्या भाषेत शास्त्रपाठ वाचायला सामान्य प्रापंचिक माणूस उभा राहू लागला. तो तेथे स्वतःचे मोठेपण दाखवायला उभा नसतो. बाकावर बसलेल्या, अक्षर न येणाऱ्या आजीलाही ते वचन पोहोचावे, हे त्याचे काम असते.

म्हणजे वाचून दाखवणे ही मुळात सेवा आहे, आणि सेवेचे माप ऐकणाऱ्याच्या बाजूने घ्यायचे असते. हे मान्य केले की वर्गात आलेल्या पालकाची काही कर्तव्ये आपोआप ठरतात. तो आपल्या लेकराचा बाप म्हणून शाळेत शिरला, तरी वर्गात तो सर्व मुलांचा पाहुणा आहे. त्याने आपल्या मुलाकडे पाहून वाचू नये. पोथीत अर्थ सांगतात तसा त्यानेही थांबून अर्थ सांगावा. कारण कातकरी किंवा ठाकर मुलाला पाठ्यपुस्तकाची मराठी ही काहीशी परक्या घरची भाषा वाटते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलली जाते, त्यांना पहिलीच्या वर्गातला हा अवघडलेपणा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

एवढ्याने मात्र त्या आईचा प्रश्न सुटत नाही. तिलाही खुर्ची द्यायला हवी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि त्या पालकाला वाचता आलेच पाहिजे अशी अट या कलमात नाही. कायद्याने जिला शाळेच्या कारभारात जागा दिली, तिला गोष्टीच्या तासाला जागा नसावी, हे विचित्रच नव्हे काय? तिने पुस्तक न वाचता सांगावे. भाताच्या लावणीचे, रानातल्या कंदांचे, भट्टीवरच्या रात्रीचे, किंवा तिच्या आजीने सांगितलेली कहाणी, तिच्या बोलीत.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. सांगणे म्हणजे वाचणे नव्हे. आदिवासींच्या कहाण्यांचे कौतुक करून त्यांच्या मुलांना अक्षरांपासून दूर ठेवणे, ही सुशिक्षितांना परवडणारी पण त्या मुलांना महागात पडणारी हौस आहे. आक्षेप खरा आहे. म्हणून सांगण्यावर थांबता येणार नाही. आई सांगत असता शिक्षकाने ते फळ्यावर किंवा कागदावर उतरवावे, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच मुलाने ते वर्गाला मोठ्याने वाचून दाखवावे. आईच्या तोंडचा शब्द अक्षर कसा होतो, हे त्या मुलाला प्रत्यक्ष दिसेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हीच दिशा धरली होती. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या पाड्यावर, गुरांमागे कुरणात जावे, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंपासून शिकवायला आरंभ करावा, असे त्यांनी मानले आणि केले.

आणि आई नेहमीच न वाचणारी राहील, असे तरी आपण का धरून चालावे? मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी शिवजयंतीच्या वेळी वाचन चालले असता, आपल्यालाही वाचता यायला हवे होते, अशी खंत म्हाताऱ्या बायकांनी बोलून दाखवली. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मनावर घेतली, आणि ८ मार्च २०१६ रोजी तेथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. ६० ते ९० वयाच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन दुपारी शिकायला बसल्या. नातवंडे त्यांना घरी अक्षरे गिरवायला मदत करू लागली. त्या आज्यांना कोणी वाचून दाखवले नसते, तर आपल्याला हे येत नाही याची बोच तरी त्यांना कशी लागली असती? ऐकण्याने वाचण्याची भूक लागते, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. पण तेथे त्या बोलण्याकडे कान देणारा एक शिक्षकही होता, हे विसरू नये.

तेव्हा वर्गात पालकांनी जरूर वाचावे. फक्त शाळेने वर्षाच्या आरंभीच यादी करावी आणि तीत प्रत्येक मुलाच्या घरातले एक माणूस असावे. वाचणारे असो वा सांगणारे. भातकापणीचे आणि भट्टीचे दिवस टाळून, जुलै-ऑगस्टमध्ये, लावणी उरकल्यावर, त्यांना बोलवावे. आणि आपल्यापैकी ज्याला वाचता येते, त्याने आपली पाळी संपल्यावर लगेच निघून न जाता मागच्या रांगेत बसावे, आणि पुढची आई काय सांगते ते ऐकावे.