चेंडूला विटाळ होत नाही

जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात रात्री संबळाच्या तालावर सोंगं नाचतात. मुखवटा चढवलेल्या माणसापुढे गाव हात जोडतं. मुखवटा उतरला की तोच माणूस पुन्हा शेजारचा शेतकरी होतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण नमस्कार देवाला असतो. पण मान जेव्हा माणसाच्या स्वतःच्या बोटांतल्या कसबाला असतो, तेव्हा त्या माणसाला दाराबाहेर बसवायला धर्माचा कोणता आधार उरतो?

हा प्रश्न बाळू पालवणकरांच्या आयुष्याने विचारला. क्रिकेटच्या मैदानावर ते पगार घेऊन राबले. जन्म चांभार कुटुंबातला, 1876 चा. पुण्यात आधी पारशांच्या आणि मग गोऱ्यांच्या क्लबात त्यांनी खेळपट्टी झाडली, रोलर ओढला आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकली. महिन्याला रुपये चार. ग्रेग नावाचा साहेब आपल्याला बाद केल्याबद्दल दर खेपेला आठ आणे देई, असं सांगतात.

पुढे गोऱ्यांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतलं. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण यष्टिरक्षक हातात घेई, तोच स्लिपमध्ये झेलला जाई आणि फिरून त्यांच्याच हाती येई. चहाची वेळ झाली की मात्र इतरांच्या हाती चिनी मातीचे कप आणि बाळूंना तंबूबाहेर मातीची भांडी, वापरून फोडून टाकायची. जेवणाचं पान वेगळं. विटाळ स्पर्शाने होतो म्हणायचं, तर तो त्या चेंडूला का झाला नाही? तो चेंडूही कातड्याचाच होता! उत्तर उघड आहे: विटाळ सोयीने पाळला जात होता. न्यायमूर्ती रानड्यांनी हे ओळखलं आणि सोबत खेळता तर सोबत बसायला काय हरकत, असं विचारलं.

त्यानंतर बाळू इतरांच्या पंक्तीला बसू लागले. सुधारकांना तो विजय वाटला, आणि तो होताही. तरी त्यातला खोटेपणा नजरेआड करून चालणार नाही. पंक्तीत जागा मिळाली ती बळी घेणाऱ्याला; जो माणूस फक्त माणूस होता, तो बाहेरच राहिला. समता ही गुणवत्तेची बक्षिसी ठरली की तिच्यातला धर्मच निघून जातो.

1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी 114 बळी घेतले. परतल्यावर त्यांच्या सत्काराला तरुण भीमराव आंबेडकर पुढे होते. मुंबईच्या हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र बाळूंना कधीच मिळालं नाही. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, आणि त्या वर्षीची चार संघांमधली चौरंगी स्पर्धा हिंदू संघाने जिंकली.