नाव नवं, देणं जुनं

सगळं सोडून दूर कुठेतरी नव्या नावाने जगावं, असं मलाही कधीकधी वाटतं. अमेरिकेत टोळ्यांविरुद्ध साक्ष देणाऱ्यांना सरकार हे खरंच देतं: नवं नाव, नवं गाव, नवी कागदपत्रं. त्यातले बहुतेक जण स्वतःही गुन्ह्यांत सामील असतात. पण १९८४ च्या कायद्यात एक अट आहे. जुन्या नावावर कोर्टाने ठरवलेलं देणं फेडण्याची हमी साक्षीदाराला द्यावी लागते.

मला ही अट फार शहाणी वाटते. नाव बदललं, तरी ज्याचं नुकसान केलं त्याच्या लेखी आपण तेच असतो. म्हणून नव्या सुरुवातीची ओढ लागली की मी स्वतःला विचारतो: जुनी देणी सोबत घेतलीस का, की नुसता पळतोयस?